थकवून नेलेली मुलगी

पहिलीच्या निकालाच्या दिवशी बाईंनी माझ्या हातात प्रगतिपुस्तक दिलंच नाही. बाकीच्या आया आपापल्या मुलांना घेऊन निघाल्या आणि मला सांगण्यात आलं, तुम्ही जरा थांबा. थांबणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. व्हरांड्यात मी किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. शिपाई शेवटी म्हणाला, ताई, बाकावर बसा, तुमच्याकडे बघून मलाच गरगरायला लागलं. तोवर माझी सात वर्षांची मुलगी खिडकीच्या गजांवर चढून बसली होती आणि फ्रॉकची कॉलर चावत होती. त्या वर्षात तिने चार फ्रॉकांच्या कॉलरी चावून संपवल्या होत्या.

आम्ही तेव्हा दीपनगरला राहायचो, वीजकेंद्राच्या वसाहतीत. नवरा शिफ्टमध्ये कामाला, सासूबाई आमच्याजवळ. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. शाळा जवळच्याच एका गावातली, तिचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. हेडबाई तशा वाईट नव्हत्या, पण मला तेव्हा त्या जगातल्या सगळ्यात वाईट बाई वाटल्या. त्यांनी वर्षभराचा पाढा वाचला. मुलगी वर्गातून उठून जाते. तोंडी विचारलं तर सतराचा पाढा घडाघडा म्हणते, आणि पाटीवर एक गणित अर्ध्यात सोडून दुसरं धरते. दुसऱ्याचं उत्तर आपण देते. फेब्रुवारीत भर प्रार्थनेतून ती निघाली आणि कोळशाच्या वाघिणी मोजायला रुळांपर्यंत पोचली. वॉचमनने दंडाला धरून आणलं म्हणून बरं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "मंद असेल तर जळगावला तशा मुलांची शाळा आहे, तिथे घाला. काही आजार असेल तर डॉक्टरांकडून तसं लिहून आणा, आम्ही सांभाळून घेऊ. आणि दोन्ही नसेल तर ती नुसती वांड आहे. वांड मुलीला मी जूनमध्ये वर्गात घेणार नाही."

म्हणजे सगळं एका चिठ्ठीवर आलं. माझ्या डोक्यात त्यातला पहिला शब्द तेवढा शिरला, मंद, आणि बाकीचं ऐकूच आलं नाही. अर्धं ऐकून धावत सुटणं ही माझी जुनी खोड. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की काही झालं तरी तो शब्द कागदावर येऊ द्यायचा नाही.

डॉक्टर शोधायचे तर जळगाव-भुसावळचे नकोत, असं नवऱ्याचं आणि माझं लगेच एकमत झालं. एरवी आमचं कशावरच होत नसे. कॉलनीत कोणाच्या घरी काय शिजलं हे तिसऱ्या क्वार्टरला आधी कळायचं. मुलीची जात, उद्या लग्नाच्या वेळी कोणीतरी नेमकं काढेल की हिला लहानपणी वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. धुळ्याला एक लहान मुलांच्या मनाचे डॉक्टर दर गुरुवारी येतात असं नवऱ्याच्या एका मित्राने सांगितलं. आमचं गाव सोनगीरजवळ, तिथून धुळं हाकेच्या अंतरावर. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. सणाला गावी निघालो म्हणून सांगायचं, कोणाला संशय यायचं कारण नाही.

आखाजीला लेकी माहेरी जातात. लिंबाला झोके बांधलेले असतात, आंब्याचा रस असतो, चार दिवस कोणी कामाला हात लावू देत नाही. माझं माहेर बोदवडजवळ, आणि त्या वर्षी मी उलट्या दिशेला सासरी निघाले होते. याचाही राग माझ्या डोक्यात होताच. एसटीत पारोळ्यापर्यंत मी शेजारच्या सासूबाईंशीसुद्धा बोलले नाही. मुलगी मात्र पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या टोपीपासून कंडक्टरच्या घंटीच्या दोरीपर्यंत सगळीकडे हात लावून आली. दोरी तिने दोनदा ओढली.

आता इथे माहेरचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लहानपणी मीही अशीच होते, पण आमच्या घरात त्याला कोणी काही म्हणत नसे. उन्हाळ्यात आमच्याकडे बायका मिळून बिबड्या करतात. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाच्या या मोठ्या पापड्या आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या. सगळ्या पोरी ओळीने बसून थापायच्या. मला तिथे बसवलं की दहाव्या मिनिटाला मी उठलेली, पीठ सांडलेलं, कोणाच्या तरी साडीवर हात पुसलेला. मग बायकांनीच शोधून काढलं, हिला बसवू नका. फडकी ओली करून आण, माळवदावरचे कावळे हाकल, त्यांच्याकडून खाट आण, यांच्याकडे घमेलं पोचव. पोरीच्या पायाला भिंगरी आहे, असं कौतुकाने म्हणायच्या. मी दिवसभर पळायचे आणि सगळ्यांची लाडकी होते. शाळेत मार खाल्ला, डी. एड. अर्ध्यावर सोडलं, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मला बघायला पाहुणे येणार होते त्या दिवशी मात्र आई घाबरली. पहाटेपासून तिने मला विहिरीवर लावलं. घरचा हौद भरला, शेजारच्यांचा भरला, मग गोठ्यातलं टाकं. दुपारी मिरच्या कांडायला बसवलं. चार वाजता पाहुणे आले तेव्हा माझे हातपाय गळून गेले होते. मी पाटावर बसले ती मान खाली घालून बसूनच राहिले. नाव विचारलं, सांगितलं. पाहुण्यांमधल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, पोरगी गरीब आहे. त्याच माझ्या सासूबाई. त्यांना सगळे अक्का म्हणायचे, मीही अक्काच म्हणू लागले.

गावी पोचल्यावर बुधवारी मी अक्कांना माझा बेत सांगितला. डॉक्टरांसमोर पोर नीट बसली पाहिजे. मग मी तिला चुलत सासवांसमोर बसवून तालीम द्यायला लागले. आत येताना दाराशी थांबायचं, नमस्कार करायचा, खुर्चीत पाय जुळवून बसायचं, हात मांडीवर, विचारलं तेवढंच बोलायचं, टेबलावरच्या कशाला हात लावायचा नाही. एक चुलत सासू हसून म्हणाली, सात वर्षांच्या पोरीला बघायला कोण येतंय? मला हसू आलं नाही. अक्का दाराला टेकून तांदूळ निवडत होत्या.

गुरुवारी उजाडायच्या आत मी पोरीला लिंबाखाली नेलं. झोक्यावर बसवून असे झोके दिले की फांदी करकरत होती. ती खूश, आणखी म्हणत होती. मग सोनगीरच्या किल्ल्याच्या वाटेवर पळायची शर्यत लावली, मग परत झोका. दहा वाजता तिचे डोळे मिटायला लागले, तेव्हा मी तिला आंघोळ घातली, दोन वेण्या घट्ट घातल्या आणि नवा फ्रॉक चढवला. आईने विहिरीवर माझं जे केलं तेच मी करते आहे, हे तेव्हा मला सुचलं नाही. खरंच नाही सुचलं. नवरा शिफ्ट सोडून आला नव्हता, म्हणून अक्का सोबत निघाल्या.

डॉक्टरांची खोली एका औषधाच्या दुकानाच्या वर होती. जिन्यावरच चपला काढायच्या, अशी पाटी. वैशाखातलं ऊन, पंखा नुसता आवाज करणारा. मुलगी आत गेली, नमस्कार केला, पाय जुळवून बसली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. डॉक्टर मध्यमवयीन, सावकाश बोलणारे. त्यांच्या सावकाशीनेच माझा जीव कासावीस व्हायला लागला. त्यांनी तिला नाव विचारलं, चित्रं दाखवली, चार ठोकळे रचायला सांगितले. तिने पेंगत पेंगत रचले. सतराचा पाढासुद्धा म्हणाली.

"मुलगी तर हुशार आहे, आणि छान शांत बसली आहे," डॉक्टर म्हणाले. "शाळेची नेमकी तक्रार काय?"

मी म्हणाले, काही नाही हो, शाळाच तशी आहे. ते म्हणाले, मग मी काय लिहून देऊ? सगळं ठीक आहे असं? मी म्हणाले, हो, तसंच लिहा. आणि हे म्हणता म्हणता हेडबाईंचं वाक्य पहिल्यांदा पूर्ण माझ्या कानात वाजलं. दोन्ही नसेल तर ती नुसती वांड आहे. म्हणजे ठीक असल्याची चिठ्ठी नेली की पोर जूनमध्ये बाहेर. मंद म्हणून लिहून आणलं तरी बाहेर. तिला शाळेत ठेवणारी चिठ्ठी एकच होती, आजाराची, आणि ती मिळू नये म्हणून मी पहाटेपासून झोके देत होते. पण आता कोणत्या तोंडाने सांगायचं? टेबलावरचं डॉक्टरांचं पेन माझ्या हातात होतं. त्याचं टोपण वेगळं, नळी वेगळी, स्प्रिंग वेगळी, असं सगळं माझ्या मांडीवर कधी आलं ते मला माहीत नाही.

डॉक्टर पेनकडे बघत होते. याआधी मी दोनदा उठून खिडकी लावली होती आणि एकदा उघडली होती. त्यांचे प्रश्न संपायच्या आत उत्तरं दिली होती, त्यातली काही भलत्याच प्रश्नांची. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही लहानपणी कशा होता?"

"चांगली होते," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच.

तेवढ्यात मुलगी टेबलावर डोकं टेकून झोपली. भर दुपारी, अनोळखी माणसासमोर, घोरायलाच लागली. डॉक्टरांनी भुवया उचलल्या. मी तोंड उघडणार तोच मागच्या बाकावरून अक्का उठल्या. दिवसभरात त्या पहिल्यांदा बोलल्या.

"डाक्टरसाहेब, हाई पोर घरमा आशी बठस नही. सकायपासून तिले झोकावर बठाडी बठाडी थकाडी लई उनूत आम्ही." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आनि हाई तिनी माय. हिनं बी तसंच शे. आठ वरीस व्हई गयात, गॅस मी बंद करस, दूध मी दखस. हिले मी बठानं काम सांगस नही, पयानं सांगस."

बाहेर जिन्यावर ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्या हे बोलल्या असतील, पण माझ्या कानात ते लाऊडस्पीकरसारखं घुमलं. परक्या पुरुषासमोर माझा पदर कोणीतरी ओढला असं वाटलं. आठ वर्षं ही बाई माझ्या मागे मागे फिरून माझ्या चुका गोळा करत होती, आणि आज तिने त्या टेबलावर ओतल्या. मी उठले आणि जिना उतरून सरळ रस्त्याला लागले. झोपलेली पोर तिथेच टाकून. हे लिहितानाही लाज वाटते.

बस स्टँडच्या दिशेने मी तरातरा चालत सुटले. माहेरी जायचं, बोदवडला, आत्ताच्या आत्ता, एवढंच डोक्यात. कोपऱ्यावर रसवंती होती, तिथे ग्लास मागितला आणि उभ्या उभ्या अर्धा प्यायले. रसवाला माझ्या पायांकडे बघत म्हणाला, ताई, चपला कुठे? मी खाली बघितलं. अनवाणी होते. वैशाखातल्या डांबरावर एवढी लांब आले होते आणि पाय पोळतायत हे मला कळलं नव्हतं. कळल्याबरोबर ते असे पोळले की मी एका पायावर उभी राहिले. पैसे द्यायला हात गेला तर पाकीट वर, डॉक्टरांच्या टेबलावर. पेनाची स्प्रिंग मात्र मुठीत होती.

मी त्या रसवाल्यासमोर हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. त्याने घाबरून दुसरा ग्लास पुढे केला. याहून मोठा पुरावा कोणत्या डॉक्टरला हवा होता? आठ वर्षं दूध उतू गेलं नाही ते माझ्या हुशारीने नाही. भाजी आण, दळण टाक, पोस्टात जा, शेजारणीला निरोप दे, अशी बसायची नव्हे, पळायची कामं अक्का मला सकाळपासून सांगायच्या आणि मी मनात म्हणायचे, म्हातारीला मला घरात बसलेलं बघवत नाही. तिला खरंच बघवत नव्हतं.

उंबऱ्याउंबऱ्याच्या सावलीतून उड्या मारत मी परत गेले. अक्का पोरीचं डोकं मांडीवर घेऊन पदराने वारा घालत होत्या. मी डॉक्टरांच्या टेबलावर स्प्रिंग ठेवली आणि सांगितलं, आता विचारा, खरं सांगते. त्यांनी विचारलं. चालायला कधी लागली, बोलायला कधी, एखादा खेळ शेवटपर्यंत खेळते का, वाट बघता येते का, वस्तू हरवते का, पडते-झडते किती. मी उत्तरं दिली, जिथे चुकले तिथे अक्कांनी दुरुस्त केलं. तारखा आम्हा दोघींनाही येत नव्हत्या. ती केव्हा चालली? कापूस वेचणीच्या सुरुवातीला. पहिल्यांदा खाटेवरून कधी पडली? श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी. डॉक्टरांनी त्याचे महिने करून लिहून घेतले. मग मला विचारलं, तेही मी सांगितलं, विहिरीसकट. ते म्हणाले, पुढच्या वेळी मुलीला न थकवता आणा, म्हणजे माझी तिच्याशी खरी गाठ पडेल. मोठ्या माणसांतल्या या गोष्टीबद्दल पुस्तकांत फारसं नाही, पण मी पाहिलेलं आहे, असंही ते म्हणाले.

ती हायपरअॅक्टिव्ह आहे, तिचं लक्ष टिकत नाही, बुद्धी चांगली आहे, मतिमंद नाही, असं त्यांनी शाळेच्या कागदावर लिहिलं. पुढच्या बाकावर बसवा, थोडा थोडा अभ्यास द्या, मध्येच उठून करण्यासारखं काम द्या. आज त्याला चार इंग्रजी अक्षरांचं एक नाव आहे, ते आता सगळ्या आयांना माहीत असतं. तेव्हा आम्हाला ते नाव मिळालं नाही, पण कागद मिळाला. जूनमध्ये हेडबाईंनी तो दोनदा वाचला आणि मुलीला वर्गात घेतलं. खडू आणायचं आणि हजेरीची वही ऑफिसात पोचवायचं काम तिला दिलं. ती तरीही कॉलर चावायची आणि मला तरीही दर महिन्याला शाळेत बोलावणं यायचं. पण वांड हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

त्या गुरुवारी परतीच्या सोनगीर बसमध्ये मात्र मी अक्कांवर धुमसत होते. मुलगी आमच्या मध्ये झोपलेली. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हणाले, एवढं सगळं कळत होतं तर इतक्या वर्षांत मला एकदा सांगायचं होतं.

"सांगं असतं तं तू बठी राहती का?" अक्का म्हणाल्या.

मग त्यांनी कागद वाचून दाखवायला सांगितला. त्यांना अक्षर येत नव्हतं. कागद दोन होते, एक शाळेचा आणि एक आम्ही जपून ठेवायचा. मी शाळेचा वाचला. मग दुसरा वाचला, त्यात पोरीचं सगळं सविस्तर होतं, चालण्या-बोलण्यापासून. शेवटची ओळ वाचायच्या आधी मी घडी घालायला लागले. त्या ओळीत डॉक्टरांनी लिहिलं होतं की आईमध्येही लहानपणापासून हीच लक्षणं दिसतात, आणि सासूंनी घरात त्यांची चांगली सोय लावलेली आहे.

अक्कांनी घडीवर हात ठेवला.

"आनि तुनं? तुनं काय लिखेल शे?"

मी घडी उलगडली आणि ती ओळ वाचली. सासूंचा भाग आला तिथे थांबले आणि परत पहिल्यापासून वाचली. अक्का खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. नंतर गाव येईपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून होते, जागची हलले नाही.